बडोदेकर कसे घडले

प्रदेश करारांनी जोडले जातात. पण ‘आपण एक’ ही भावना लोकांच्या नित्य व्यवहारातून घडते, असे अभ्यासकांचा एक पक्ष मानतो. आमच्या बडोद्याचेच पाहा. अमरेली, नवसारी, कडी हे प्रांत विखुरलेले, मध्ये परका मुलूख. तरीही १९०६ पासूनच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाने व पुढे गावोगाव निघालेल्या ग्रंथालयांनी ते एका सूत्रात ओवले. दरबार मराठा, शाळा मात्र बहुतेक गुजराती!

१ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले; १९६० साली त्याच तारखेस गुजरात राज्य निराळे झाले. आमचे वडीलधारे तरीही स्वतःस बडोदेकरच म्हणवीत. आमच्या वर्गांतील मराठी मुले मात्र आज सहज ‘आम्ही गुजरातचे’ म्हणतात. हे कोणत्याही करारात लिहिलेले नव्हते.