दमसास आणि शिदोरी

दिवाळीच्या सुमारास सातपुड्यात अस्तंब्याची यात्रा भरते. धडगाव तालुक्यातील या चार हजार फुटांहून उंच शिखरावर अश्वत्थाम्याचे स्थान आहे, आणि तेथवर जायचे म्हणजे कित्येक तास पायी डोंगर चढणे आले. यात्रेकरूंच्या फडक्यात भाकरी, चटणी, कांदा आणि गुळाचा खडा असतो. एवढ्या शिदोरीवर म्हातारी माणसेही शिखर गाठून सुखरूप परत येतात.

दुसरीकडे आपल्याच नंदुरबार-शहाद्याच्या व्यायामशाळांतून हल्ली वेगळीच शिदोरी दिसते. ‘तासन्‌तास टिकणारी सावकाश ऊर्जा’ असे लिहिलेला पुडीचा डबा! भरतीची तयारी करणारा तरुण घरून आणलेल्या पैशातून तो विकत घेतो. ही पूड फसवी आहे काय? तसे म्हणता येणार नाही. तिच्यामागे खरे शास्त्र आहे. परंतु ते शास्त्र नीट समजून घेतले, तर ही पूड कोणाला हवी आणि कोणाला नको हे आपले आपल्यालाच कळते. त्याचाच थोडा विचार येथे करू.

शरीराचे कोठार

आपण खाल्लेल्या भाकरीतील, भातातील पिष्टाचे पचनानंतर ग्लुकोज होते. लगेच न लागणारे ग्लुकोज शरीर ‘ग्लायकोजेन’ या रूपाने साठवते. थोडे यकृतात, बरेचसे स्नायूंत. प्रौढ माणसाच्या शरीरात हा साठा साधारणपणे ४०० ते ५०० ग्रॅम असतो. एका ग्रॅमपासून ४ कॅलरी धरल्या तर ही १६०० ते २००० कॅलरींची पुंजी झाली. चरबीची पुंजी याहून कितीतरी मोठी असते. पण ती संथपणे खर्ची पडते. मंद चालताना शरीर मुख्यतः चरबीवर भागवते. वेग वाढला की ग्लायकोजेनवरचा भार वाढतो.

आता थोडे गणित करू. धावताना दर किलोमीटरला, शरीराच्या दर किलो वजनामागे, सुमारे १ कॅलरी खर्च होते. म्हणजे ६० किलो वजनाच्या तरुणाला ४२ किलोमीटरच्या मॅरेथॉनसाठी सुमारे २५०० कॅलरी लागतील. ग्लायकोजेनचे कोठार एवढे पुरे पडत नाही. म्हणूनच तीस किलोमीटरच्या पुढे अनेकांचे पाय एकाएकी शिशासारखे जड होतात. १९२४ साली अमेरिकेतील बोस्टनच्या मॅरेथॉननंतर डॉक्टरांनी धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा गलितगात्र झालेल्यांच्या रक्तातील साखर फार उतरलेली आढळली. पुढच्या वर्षी धावपटूंना वाटेत गोड गोळ्या खावयास दिल्या आणि ती अवस्था बरीचशी टळली.

हेच गणित पोलीस भरतीला लावून पाहा. मुलांना १६०० मीटर धावावे लागते, मुलींना ८०० मीटर. १६०० मीटरचा खर्च सुमारे १०० कॅलरी, म्हणजे जेमतेम २५ ग्रॅम कर्बोदके! कोठारात त्याच्या पंधरा-वीस पट साठा पडलेला असतो. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर धावण्याचे कांस्यपदक मिळवले. ती शर्यतही तेहेतीस मिनिटांच्या आसपासची. तेवढ्यातही भरलेले कोठार रिते होत नाही. मग पाच-सहा मिनिटांच्या धावेसाठी तासन्‌तास टिकणारी पूड कशासाठी? तेथे दम कमी पडतो तो सरावाच्या अभावी. अन्न सावकाश पचले नाही म्हणून नव्हे.

ही पूड आली कोठून?

सर्व कर्बोदके एकाच वेगाने पचत नाहीत. कोणता पदार्थ रक्तातील साखर किती वाढवतो याची तुलना करणारा ‘ग्लायसेमिक निर्देशांक’ १९८१ साली कॅनडातील टोरांटोचे डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. ग्लुकोजला १०० धरून इतर पदार्थांचे स्थान त्यात ठरवले जाते.

सावकाश पचणाऱ्या पिष्टाचा उपयोग प्रथम खेळाडूंसाठी झाला नाही, तर आजारी बालकांसाठी झाला. काही मुलांच्या यकृताला जन्मतःच ग्लायकोजेनपासून ग्लुकोज मोकळे करता येत नाही. त्यांना रात्रीही दर काही तासांनी भरवावे लागे. एरवी झोपेतच साखर उतरून जीव धोक्यात येई. १९८४ साली असे प्रसिद्ध झाले की, मक्याचे कच्चे पिष्ट पाण्यात कालवून दिले असता ते हळूहळू पचते आणि कित्येक तास साखर टिकवते. कच्च्या पिष्टाचे कण घट्ट असतात, पाचकरसांना ते सावकाश फोडावे लागतात. शिजवले की ते फुगून लवकर पचतात. पुढे उष्णता व ओलावा यांची विशेष प्रक्रिया करून हे पिष्ट आणखी संथ करण्यात आले, आणि मग ते खेळाडूंच्या डब्यातही आले. दुसरा पदार्थ म्हणजे आयसोमाल्टुलोज. ही साखरेपासूनच बनवतात. फक्त तिच्यातील दोन घटकांची जोडणी बदललेली असते, त्यामुळे ती फुटावयास वेळ लागतो.

यांचा गुण कोणता? रक्तातील साखर एकदम चढत नाही आणि एकदम उतरत नाही. चरबीही थोडी अधिक वापरली जाते. पण त्यामुळे खेळाडू अधिक वेगाने किंवा अधिक दूर धावतो, असे प्रयोगांतून सातत्याने दिसलेले नाही. आणि एक गोष्ट विसरू नये. सावकाश असो वा जलद, एका ग्रॅमच्या कॅलरी चारच! संथ पिष्टात जादा ऊर्जा नसते. तीच ऊर्जा हप्त्याहप्त्याने मिळते एवढेच.

कळण्याची भाकरी

आता आपल्या चुलीकडे वळू. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ३५० कॅलरी, ७० ग्रॅमांहून अधिक कर्बोदके आणि सुमारे १० ग्रॅम प्रथिने असतात. ज्वारीतील पिष्टाच्या कणांभोवती ‘काफिरिन’ नावाच्या प्रथिनाचे जाळे असते. शिजवल्यावर हे जाळे अधिकच घट्ट होते आणि पाचकरसांची वाट अडवते. म्हणून ज्वारीचे पिष्ट इतर तृणधान्यांच्या मानाने सावकाश पचते. ‘भाकरी पोटाला धरून राहते’ या आपल्या आजीच्या बोलण्याला हा असा आधार आहे.

खानदेशाने याच्याही पुढे मजल मारली. ज्वारीत उडीद मिसळून दळले की झाला कळणा. डाळींचे पिष्ट तृणधान्यांच्या पिष्टाहूनही संथ. शिवाय उडदाने प्रथिने वाढतात. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि तेल असले की जठर लवकर रिकामे होत नाही. दळण जाडसर असले तर पचन आणखी सावकाश. भाकरी म्हणजे औषध नव्हे, आणि प्रक्रिया केलेल्या पिष्टाइतकी ती संथ आहे असा दावा करण्याचेही कारण नाही. परंतु दिवसभराच्या कष्टाला जी संथ, भरीव ऊर्जा लागते, ती देण्याचे काम ती पिढ्यान्‌पिढ्या करीत आली आहे. केनियाचे जगप्रसिद्ध धावपटूदेखील मक्याच्या पिठाच्या ‘उगाली’वर वाढलेले आहेत.

केव्हा काय खावे?

संथ अन्नाची वेळ व्यायामापूर्वीची. लांब धावेच्या किंवा चढाईच्या आदल्या रात्री पोटभर जेवण, आणि निघण्याच्या तीन-चार तास आधी भाकरी व डाळ. अगदी निघतेवेळी भरपूर भाकरी खाल्ली तर पोट जड होईल, हे सांगावयास नको.

व्यायाम चालू असताना मात्र नियम उलटा होतो. त्या वेळी स्नायूंना ग्लुकोज ताबडतोब हवे असते. संथ पिष्ट पोटातच रेंगाळते आणि कित्येकदा मळमळ होते. श्रम चालू असताना इन्सुलिन आपोआप कमी स्रवते, त्यामुळे गोड खाल्ल्याने साखर चढून कोसळण्याची भीतीही उरत नाही. म्हणून दीड तासाहून अधिक काळ जोराचा व्यायाम असेल, तर तासाला ३० ते ६० ग्रॅम लवकर पचणारी कर्बोदके घ्यावीत. मध्यम आकाराच्या एका केळ्यात सुमारे २५ ग्रॅम असतात. गुळाचा खडा, किंवा साखर-मीठ-लिंबू घातलेले पाणी हेही चालते. केळी तर आपल्या शहादा-तळोद्याच्या शिवारातच पिकतात. आणि कोणताही नवा पदार्थ स्पर्धेच्या दिवशी प्रथम खाऊ नये. आधी सरावात खाऊन पाहावा.

अस्तंब्याच्या यात्रेकरूची शिदोरी आता पुन्हा आठवा. निघताना भाकरी, वाटेत गूळ! शास्त्राने प्रयोगशाळेत जो क्रम ठरवला, तोच त्या फडक्यात बांधलेला असतो.

शेवटी

व्यायाम आपण हौसेने करतो. पण आपल्या जिल्ह्यात सर्वांत दीर्घ ‘व्यायाम’ करणारी माणसे व्यायामशाळेत नसतात. दिवाळीनंतर हजारो कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत आणि इतरत्र जातात. पहाटेपासून कोयता चालवायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर वाहून गाडीत भरायच्या. त्यांच्या कोठाराचा प्रश्न ऊर्जा सावकाश मिळण्याचा नाही. ती पुरेशी मिळण्याचा आहे. कमी भाकरी कितीही संथपणे पचली तरी ती कमीच. आणि ज्या घरी रेशनचा गहू-तांदूळ आला म्हणून ज्वारी-उडदाचा पेरा सुटला, त्या घरी शिदोरीतला संथपणा आणि प्रथिने दोन्ही उणावली.

तेव्हा विद्यार्थी मित्रहो, डबा विकत घेण्यापूर्वी दोन प्रश्न स्वतःला विचारा. माझा व्यायाम खरोखर दीड तासाहून लांब आहे काय? आणि माझे दोन वेळचे जेवण पुरेसे आहे काय? पहिल्याचे उत्तर ‘नाही’ असेल तर पूड नकोच. दुसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर त्या डब्याच्या पैशात ज्वारी, उडीद, शेंगदाणे आणि गूळ घरी आणावा. त्यातून तुमचाच नव्हे, घरातील चार माणसांचा दमसास वाढेल.