शेपटीकडं बघत राहिलो

कोकराची शेपटी भरलेली दिसली की आमच्या घरात कुणीही एकच सांगायचं, "जंत झालेत, पाज औषध." मीही तेच केलं. एका पावसाळ्यात तीनदा केलं आणि चाळीसपैकी नऊ कोकरं घालवली.

गाव आटपाडी तालुक्यातलं. वडील मेंढरं घेऊन चरणीला फिरले. मी ठरवलं, माडग्याळची कोकरं विकत घेऊन वाड्यातच वाढवायची. आणली तेव्हा दोन-अडीच महिन्यांची, नुकती आईपासून तोडलेली. पंधरा बाय दहाचा वाडा, वर पत्रा, कोपऱ्यात पाण्याचा ड्रम. ड्रमची तोटी गळायची. दहा रुपयांचा वायसर होता तो, पण रोज बघायचो आणि रोज राहून जायचं. भरड्याशिवाय पोटाला हिरवं मिळावं म्हणून सकाळी सकाळी ओढ्याकाठी तासभर सोडायचो.

तिसऱ्या आठवड्यात लेंडी मोडली. आधी शेणासारखी, मग पातळ, मग दोन-तीन कोकरं कुंथायला लागली आणि शेणात रक्ताची रेघ दिसली. मी अल्बेंडाझोलची बाटली आणली, सगळी कोकरं दहा किलोची धरली आणि एका मापानं पाजलं. आठ दिवसांनी परत तेच. तिसऱ्या खेपेला दुकानदार म्हणाला, "हे घेऊन जा, हे जोरदार आहे." वेगळी कंपनी, वेगळा रंग. लेबल मी महिन्यानं वाचलं. आत अल्बेंडाझोलच होतं.

सहा कोकरं गेल्यावर तालुक्याच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "शेण आणलंय?" नव्हतं आणलं. परत घरी. हातात प्लॅस्टिकची पिशवी उलटी घालून ताजं शेण थेट गुदद्वारातून घ्यायचं, पिशवी सुलटी करून गाठ मारायची, कोकराचा नंबर लिहायचा आणि ऊन न लागू देता त्याच दिवशी पोचवायचं. जमिनीवरचं गोळा केलेलं चालत नाही, त्यात माती आणि मातीतले किडे येतात. सूक्ष्मदर्शकाखाली डॉक्टरांनी मलाच बघायला लावलं. काचेसारखे लंबगोल दाणे, पळीभर साबुदाणा सांडावा तसे. "ही जंतांची अंडी नव्हेत," ते म्हणाले, "कॉक्सिडिया आहे. एकपेशी जीव. आतड्याच्या अस्तरात वाढतो. जंताच्या औषधाला तो जुमानत नाही."

मोठ्या मेंढरांच्या पोटात हा थोडाफार असतोच, त्यांना काही होत नाही. तीन आठवड्यांपासून पाच-सहा महिन्यांपर्यंतचं कोकरू मात्र दाटीत, ओल्यात, आईपासून तोडल्याच्या ताणात याला सापडतं. शेणातून पडलेल्या दाण्यांना रोग लावण्याजोगं व्हायला ऊब आणि ओल लागते. दोन्हींची सोय माझ्या तोटीनं चोवीस तास केली होती. फिनेल टाकून हे दाणे मरत नाहीत. जमीन कोरडी होणं आणि ऊन लागणं हाच इलाज. औषध सल्फाचं किंवा अँप्रोलियमचं, सलग काही दिवस, आणि मात्रा डॉक्टरांनी सांगायची. तोवर भरडा बंद, वाळका कडबा आणि थोडं थोडं मीठ-साखरेचं पाणी. हगवणीचं कोकरू पुष्कळदा अंगातलं पाणी संपूनच जातं. मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. लगेच बसली नाही तर वेळ थोडा उरलाय.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं. कळपात दोन कोकरं होती, ज्यांच्याकडं मी बघितलंच नव्हतं, कारण त्यांची लेंडी कोरडी, गोल, झकास होती. ती फक्त ओढ्यावरून येताना मागं पडायची. संध्याकाळी त्यांच्या जबड्याखाली पाण्याची थैली लोंबायची, सकाळी उतरायची. मला वाटलं, दावं काचलं असेल. डॉक्टरांनी वाड्यात येऊन एकाची पापणी उलटली. आत कागदासारखं पांढरं.

हे खरे जंत. हिमोंकस. चौथ्या पोटात बसून रक्त पितात आणि बहुतेक वेळा हगवण लावतच नाहीत. माझं औषध त्यांच्यावर का चाललं नाही? ती दोन्ही सतरा किलोंची होती आणि माप होतं दहाचं. अर्ध्या मात्रेनं अशक्त जंत मरतात, चिवट उरतात आणि पुढची पिलावळ त्यांचीच होते. शेवटी वेगळ्या गटातलं क्लोसँटेल द्यावं लागलं. एक वाचलं.

आता हातकाटा खुंटीला टांगलेला असतो. कोकरू पोत्याच्या झोळीत घालून तोलायचं. अडीच टक्क्यांच्या अल्बेंडाझोलला दहा किलोंमागे तीन मिली, हा हिशेब. पण बाटली किती टक्क्यांची ते आधी वाचा. गाभण मेंढीला पहिल्या महिन्यात हे द्यायचं नाही. पाजताना मान आभाळाकडं वर ओढू नका, औषध फुप्फुसात जातं.

पावसाळ्यात दर पंधरवड्याला पापण्या बघतो. वरची पापणी अंगठ्यानं डोळ्यावर दाबायची, खालची ओढायची, आणि हे उजेडात करायचं, पत्र्याखाली रंग फसवतो. दक्षिण आफ्रिकेतल्या पशुवैद्यांनी यासाठी पाच रंगांचा फामाचा तक्ता बनवलाय. लाल दिसली की औषध नाही. फिकट असेल त्यालाच. ओढ्याकाठी सकाळचं सोडणं बंद केलं, कारण अळ्या दवावर गवताच्या पात्यावर चढतात. दव वाळल्यावर सोडतो.

शेणात तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले की बायाबापड्या घाबरतात. ते फीतकृमी. दिसायला भयंकर, पण पहिल्या दोघांपुढं किरकोळच.

त्या नऊतलं एक सगळ्यात तगडं होतं. मक्याचा भरडा मी एकदम वाढवला आणि सकाळी ते मान मागं टाकून पडलेलं मिळालं. बहुधा आंत्रविषार. त्याची लस पुण्याला औंधच्या संस्थेत तयार होते. पावसाआधी टोचायची, आणि पहिल्यांदा टोचत असाल तर दोन-तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा.

'बहुधा' म्हणालो, कारण नऊपैकी फक्त शेवटचं मी डॉक्टरांकडून फाडून घेतलं. चौथं पोट उघडलं तेव्हा आत केसासारखे बारीक, लाल-पांढरे जंत वळवळत होते, बोटाच्या पेराएवढे. आधीची आठ ओढ्यापलीकडं पुरून मोकळा झालो होतो.