संदर्भांची मोजणी आणि संशोधकाचे मोल

संशोधकाच्या कार्याचे मोल कसे ठरवावे? त्याच्या लेखांचा आधार इतरांनी किती वेळा घेतला, हे मोजण्याची रीत आज रूढ आहे. नेमणूक व बढती देतानाही हा आकडा पाहिला जातो. यूजीन गारफिल्ड यांची विज्ञानलेखांतील संदर्भांची सूची १९६४ मध्ये निघाली आणि ही मोजणी सुलभ झाली.

पुढे २००५ मध्ये हिर्श यांनी एच-निर्देशांक सुचविला. समजा, एखाद्याच्या पाच लेखांना अनुक्रमे ९, ६, ४, २ व १ संदर्भ मिळाले. किमान तीन संदर्भ असलेले लेख तीन आहेत. किमान चार असलेले मात्र चार नाहीत. म्हणून निर्देशांक ३. पहिल्या लेखाला ९००० संदर्भ मिळाले, तरी तो ३ च राहील. माहिती-प्रणालीचे अभ्यासक फ्रेड डेव्हिस यांनी, लोक संगणक का स्वीकारतात, यावर १९८९ मध्ये लिहिलेल्या लेखाचा आधार हजारो लेखांनी घेतला. या हिशेबात तो लेख एकच!

मोजणीची दुसरी उणीव आपल्याच परिसरातील उदाहरणाने कळते. केळवे रोडहून लोहमार्गाने उत्तरेस गेले की डहाणू लागते. द. रा. कापरेकर यांचा जन्म १९०५ मध्ये तेथला. देवळालीला शिक्षक असताना त्यांनी १९४९ मध्ये ६१७४ या संख्येचा गुणधर्म मांडला. आज नुसते ‘कापरेकर स्थिरांक’ म्हटले तरी पुरते. मूळ लेखाचा उल्लेख अनेकदा होतच नाही. नाव सर्वतोमुखी झाले, की ते मोजणीतून निसटते.

शिवाय संदर्भ समर्थनासाठी दिला की खंडनासाठी, हेही आकडा सांगत नाही. तेव्हा आकडा जरूर पाहावा. पण निर्णय लेख वाचूनच द्यावा.