वीस मिनिटांचा प्रयोग

नाटक ही प्रत्यक्ष भेटीची कला आहे. नट रंगमंचावर उभा असतो, प्रेक्षक त्याच्यासमोर बसलेला असतो, आणि दोघांमध्ये दिव्यांच्या एका ओळीखेरीज दुसरे काही नसते. हेच नाटकाचे सामर्थ्य आणि हीच त्याची मर्यादाही. नाट्यगृहात जितक्या खुर्च्या, तितकेच प्रेक्षक. नाटक कितीही सुंदर असले तरी दूरच्या गावी राहणाऱ्या माणसाला ते वर्तमानपत्रातील वर्णनावरूनच जाणून घ्यावे लागे. ही मर्यादा एके काळी कशी ओलांडली गेली, आणि त्यामुळे बुडू लागलेले एक संगीत नाटक कसे तरले, याची ही हकीकत आहे.

अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात ब्रॉडवे नावाचा एक लांबच लांब रस्ता आहे. त्याच्या आसपास अनेक मोठी नाट्यगृहे आहेत. तेथे होणाऱ्या संगीत नाटकांत गाणी, संवाद आणि नृत्य यांचा मेळ घातलेला असतो. १५ मार्च १९५६ रोजी तेथे ‘माय फेअर लेडी’ हे संगीत नाटक रंगभूमीवर आले. संवाद आणि गीते अॅलन जे लर्नर यांची, संगीत फ्रेडरिक लोव यांचे आणि दिग्दर्शन मॉस हार्ट यांचे होते. फुले विकणाऱ्या गरीब मुलीची भूमिका ज्यूली अँड्र्यूज या वीस वर्षांच्या अभिनेत्रीने केली. हे नाटक इतके लोकप्रिय झाले की पुढे त्याचे २,७१७ प्रयोग झाले. ज्या मूळ नाटकावरून ते रचले होते, त्या बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’वरूनच पु. ल. देशपांडे यांनी १९७५ साली मराठीत ‘ती फुलराणी’ आणली.

एवढे यश मिळाल्यावर या तिघांच्या पुढच्या नाटकाकडे सर्वांचे डोळे लागले, यात नवल नाही. ते नाटक म्हणजे ‘कॅमेलॉट’. ब्रिटनच्या दंतकथांतील आर्थर राजाची ती कहाणी होती. बळी तो कान पिळी हा जगाचा न्याय मोडावा आणि बळाने न्यायाचे रक्षण करावे, असे या राजाचे स्वप्न असते. कोणी उच्च नाही, कोणी नीच नाही, हे दिसावे म्हणून तो आपल्या सरदारांना गोल मेजाभोवती बसवतो. परंतु त्याची राणी ग्विनिव्हिअर आणि त्याचा प्रिय सरदार लान्सलॉट यांचे एकमेकांवर प्रेम जडते आणि राज्याला तडा जातो. राजाची भूमिका रिचर्ड बर्टन यांनी, राणीची ज्यूली अँड्र्यूज यांनी आणि लान्सलॉटची रॉबर्ट गूले या तरुण गायकाने केली. नाटकाचे नाव जाहीर होताच तिकिटांची आगाऊ विक्री लक्षावधी डॉलरांची झाली.

पण नाटक उभे राहता राहता संकटांची मालिकाच सुरू झाली. १ ऑक्टोबर १९६० रोजी कॅनडातील टोरांटो शहरी एका नव्या, भव्य नाट्यगृहात त्याचा पहिला प्रयोग झाला. तो जवळजवळ साडेचार तास चालला! पडदा पडला तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. नाटक कापून आटोपशीर करायला हवे, हे उघड होते. परंतु त्याच सुमारास पोटातील व्रणांमुळे लर्नर यांना रुग्णालयात जावे लागले. ते बरे होतात न होतात तोच मॉस हार्ट यांना हृदयविकाराचा झटका आला. दिग्दर्शकावाचून नाटक म्हणजे नावाड्यावाचून नाव. लर्नर यांनी स्वतः दिग्दर्शनाची जबाबदारी पत्करली आणि कशीबशी ती नाव पैलतीराकडे नेली.

३ डिसेंबर १९६० रोजी न्यूयॉर्कच्या मॅजेस्टिक नाट्यगृहात ‘कॅमेलॉट’चा पडदा उघडला. नेपथ्य आणि वेशभूषा यांची वाहवा झाली. पण समीक्षकांची मते दुभंगली. काहींना नाटक लांबलेले वाटले, तर काहींना ‘माय फेअर लेडी’ची सर त्याला आली नाही असे वाटले. प्रयोग चालू असताना काही प्रेक्षक मधूनच उठून जाऊ लागले. आगाऊ विकल्या गेलेल्या तिकिटांवर प्रयोग चालत होते, हे खरे. पण नवी तिकिटे घेण्यास फारसे कोणी येईना. साठवलेले धान्य संपत यावे आणि नवे पीक दिसू नये, तशी ती अवस्था होती. नाटक बंद पडले असते तर नटांपासून वाद्यवृंदातील वादकांपर्यंत आणि शिंप्यांपासून पडदे ओढणाऱ्या कामगारांपर्यंत कितीतरी जणांचे काम गेले असते.

अशा वेळी मॉस हार्ट प्रकृती थोडी सुधारताच परत आले. न्यूयॉर्कला एकदा पडदा उघडला की नाटकात सहसा फेरफार करीत नाहीत. हार्ट आणि लर्नर यांनी ती रीत मोडली. त्यांनी नाटक पुन्हा बारकाईने पाहिले, लांबलेले प्रवेश छाटले, काही संवाद नव्याने लिहिले आणि दोन गाणी गाळली. माळी जुन्या फांद्या छाटतो तेव्हा झाड उघडे पडल्यासारखे दिसते. पण पुढचा बहर त्यामुळेच येतो. नाटक आता सुटसुटीत झाले होते. मात्र हे लोकांना कळावे कसे? पहिली वाईट बातमी घरोघर पोहोचते. नंतरची चांगली बातमी सांगायला कोणी जात नाही.

त्या काळी अमेरिकेत दर रविवारी रात्री एड सलिव्हन यांचा कार्यक्रम दूरचित्रवाणीवर दाखवीत. सलिव्हन हे मूळचे वृत्तपत्रलेखक. ते गाणारे नव्हते, नटही नव्हते. रंगमंचावर ते काहीसे अवघडल्यासारखेच उभे राहत. पण गुणी माणूस ओळखून त्याला लोकांसमोर आणण्याची दृष्टी त्यांच्यापाशी होती. १९४८ पासून १९७१ पर्यंत चाललेल्या त्यांच्या कार्यक्रमात कसरतपटू, विनोदी नट, शास्त्रीय गायक आणि ब्रॉडवेचे कलावंत एकापाठोपाठ एक येऊन जात. १९६० च्या सुमारास अमेरिकेतील दर दहा घरांपैकी जवळजवळ नऊ घरांत दूरचित्रवाणी संच आला होता. भारतात मात्र त्या वेळी केवळ दिल्लीत, १९५९ साली, प्रायोगिक प्रक्षेपणाला आरंभ झाला होता.

‘माय फेअर लेडी’ला १९६१ च्या मार्च महिन्यात पाच वर्षे पूर्ण होत होती. त्यानिमित्त लर्नर आणि लोव यांचा गौरव करावा असे सलिव्हन यांनी ठरवले आणि कार्यक्रमात काय सादर करायचे हे त्या दोघांवरच सोपवले. गौरव जुन्या नाटकाचा होता. त्यातील गाजलेली गाणी सादर केली असती तर टाळ्या हमखास मिळाल्या असत्या. पण दोघांनी दूरवरचा विचार केला. जुन्या नाटकातील थोडेसेच घ्यायचे आणि उरलेला वेळ अडचणीत सापडलेल्या ‘कॅमेलॉट’ला द्यायचा, असे त्यांनी ठरवले.

या निर्णयात धोका नव्हता असे नाही. जे पाहण्यासाठी लोक पैसे मोजतात, तेच घरबसल्या फुकट दाखवले तर नाट्यगृहाची पायरी कोण चढेल, अशी शंका पुष्कळ नाटकवाल्यांना वाटे. शिवाय ती गाणी लोकांना आवडली नाहीत, तर एका नाट्यगृहापुरती असलेली नापसंती देशभर होणार होती.

१९ मार्च १९६१, रविवार. त्या रात्री दूरचित्रवाणीच्या पडद्यावर सुमारे वीस मिनिटे ‘कॅमेलॉट’चे दर्शन घडले. बर्टन, ज्यूली अँड्र्यूज आणि गूले यांनी नाटकाच्या वेषात निवडक गाणी सादर केली. ती कोट्यवधी लोकांनी आपापल्या घरी बसून पाहिली. समीक्षकांनी काय लिहिले होते, हे त्यांतील अनेकांना ठाऊकही नसेल. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आणि स्वतःच्या कानांनी ऐकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅजेस्टिक नाट्यगृहाच्या तिकीटखिडकीपुढे माणसांची रांग लागली. बघता बघता ती रस्त्यावर दूरवर पोहोचली. ज्या खिडकीकडे कोणी फिरकत नव्हते, तेथे आता गर्दी आवरेना. नाट्यगृहात आलेल्या या नव्या प्रेक्षकांपुढे सुधारलेले, आटोपशीर नाटक होते. त्यांनी ते मनापासून उचलून धरले. नाटकाच्या गाण्यांची ध्वनिमुद्रिकाही उदंड खपली. त्या वर्षी राजाच्या भूमिकेबद्दल बर्टन यांना रंगभूमीचा मानाचा टोनी पुरस्कार मिळाला. ५ जानेवारी १९६३ रोजी ‘कॅमेलॉट’ने निरोप घेतला, तेव्हा त्याचे ८७३ प्रयोग झाले होते. प्रकृतीची पर्वा न करता नाटकावर शेवटचा हात फिरवणारे मॉस हार्ट मात्र हा समारोप पाहू शकले नाहीत. डिसेंबर १९६१ मध्येच त्यांचे निधन झाले होते.

वीस मिनिटांत एवढे काय घडले? एक साधा हिशेब पाहावा. नाट्यगृहात एका वेळी दीड हजार प्रेक्षक बसतात आणि आठवड्यास आठ प्रयोग होतात असे धरले, तर वर्षभरात सव्वासहा लाखांच्या आसपास प्रेक्षक होतील. एक कोट लोकांना नाटक दाखवायचे तर सोळा वर्षे लागतील. दूरचित्रवाणीने हे काम एका रात्रीत केले. पण तिने संपूर्ण नाटक दाखवले नाही. त्याची गोडी लावली. पानातील एक घास चाखून भूक शमत नाही, उलट चाळवते. तसेच येथे झाले.

दूरचित्रवाणीवर संगीत नाट्य येण्याची ही पहिलीच वेळ नव्हती. ‘पीटर पॅन’ या संगीत नाटकाचे रंगभूमीवरचे प्रयोग संपल्यावर ७ मार्च १९५५ रोजी ते दूरचित्रवाणीवर सादर झाले होते. ३१ मार्च १९५७ रोजी सादर झालेली ‘सिंड्रेला’ तर खास दूरचित्रवाणीसाठीच रचलेली होती. तिची नायिकाही ज्यूली अँड्र्यूजच होत्या. ती दहा कोटींहून अधिक लोकांनी पाहिली असा अंदाज आहे. १९६७ पासून टोनी पुरस्कारांचा समारंभही अमेरिकाभर दिसू लागला. न्यूयॉर्कला कधीही न गेलेली मुले त्या समारंभातील गाणी पाहून संगीत नाटकाच्या प्रेमात पडू लागली.

तरीही एक गोष्ट विसरता कामा नये. रविवारच्या रात्रीने लोकांना नाट्यगृहाच्या दारापर्यंत आणले. आत बसवून ठेवले ते हार्ट आणि लर्नर यांच्या परिश्रमांनी. नाटक पहिल्यासारखेच लांबलेले असते, तर आलेली गर्दी तशीच परत गेली असती. प्रसिद्धी दार उघडते. घर मात्र आधी झाडून ठेवावे लागते.

‘कॅमेलॉट’च्या अखेरीस आर्थर राजा युद्धाच्या छावणीत उभा असतो. सारे हरल्यासारखे त्याला वाटत असते. तेवढ्यात एक लहान मुलगा तेथे येतो. गोल मेजाच्या कथा ऐकून तो सरदार होण्यासाठी आलेला असतो. राजा त्याला लढू देत नाही. तू घरी जा आणि ही कथा सर्वांना सांग, असे तो त्याला बजावतो. कथा सांगणारा कोणी उरला तर स्वप्न मरत नाही, हे राजाला उमगलेले असते. बुडत्या नाटकाच्या बाबतीत तेच काम त्या रविवारच्या वीस मिनिटांनी केले.

स्वाध्याय

१. नाटकाचे सामर्थ्य आणि मर्यादा एकच आहे, असे पाठाच्या आरंभी का म्हटले आहे?
२. ‘कॅमेलॉट’वर कोणकोणती संकटे आली? ती क्रमाने लिहा.
३. लर्नर आणि लोव यांच्या निर्णयात कोणता धोका होता? तरीही त्यांनी तो निर्णय का घेतला असावा?
४. ‘प्रसिद्धी दार उघडते, घर मात्र आधी झाडून ठेवावे लागते.’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.
५. वाक्यांत उपयोग करा : डोळे लागणे, उचलून धरणे, गोडी लावणे, तडा जाणे.
६. तुमच्या गावात किंवा शाळेत झालेल्या एखाद्या नाटकाची माहिती वडील माणसांना विचारून दहा ओळींत लिहा.