हृदयाघातानंतरचे जगणे : हृदयाची लय आणि सामाजिक ताण

हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेला रुग्ण घरी परतला, की संकट टळले असे मानण्याकडे सर्वसाधारण कल असतो. वैद्यकशास्त्राचा अनुभव मात्र निराळा आहे. झटक्यानंतरचा काही वर्षांचा काळ जोखमीचा असतो आणि या काळातील मृत्यूंपैकी बराच मोठा हिस्सा अकस्मात मृत्यूंचा असतो. हे मृत्यू कोणाच्या वाट्याला येतात, याचा शोध घेताना संशोधकांनी प्रथम ईसीजीच्या पट्टीकडे पाहिले. उत्तराचा एक भाग तेथे सापडला. दुसरा भाग रुग्णाचे शिक्षण, त्याची मिळकत, त्याच्या सोबतीची माणसे आणि त्याच्या डोक्यावरील काळज्या यांत होता. आरोग्य हा केवळ वैद्यकाचा नव्हे, तर विकासाचाही विषय का ठरतो, हे या संशोधनाच्या आधारे समजून घेता येते.

लय कशी बिघडते

हृदयाच्या उजव्या कर्णिकेतील एक लहानसा पेशीसमूह ठोक्यांची गती ठरवतो. तेथून निघालेली विद्युत्-प्रेरणा ठरावीक मार्गाने खालच्या दोन कप्प्यांपर्यंत, म्हणजे जवनिकांपर्यंत पोहोचते आणि त्या एकाच वेळी आकुंचन पावतात. हृदयाला रक्त पुरवणारी धमनी बंद पडली, की स्नायूचा काही भाग मृत होतो व तेथे कालांतराने व्रण तयार होतो. व्रणाच्या कडेला जिवंत आणि मृत ऊतींची सरमिसळ असते. अशा ठिकाणी विद्युत्-प्रेरणा रेंगाळते, कधी वळसा घेऊन त्याच मार्गावर पुन्हा फिरते आणि मूळ तालाच्या आधीच एखादा ठोका पडतो. असे अकाली ठोके निरोगी माणसातही अधूनमधून आढळतात व ते बहुधा निरुपद्रवी असतात. झटका येऊन गेलेल्या हृदयात ते लागोपाठ किंवा निरनिराळ्या प्रकारचे येऊ लागले, तर मात्र तो धोक्याचा इशारा असतो. त्यांतून जवनिकांचे कंपन सुरू होऊ शकते. या अवस्थेत जवनिका आकुंचन न पावता केवळ थरथरतात, रक्ताभिसरण थांबते आणि काही मिनिटांत विद्युत्-झटका देऊन लय पूर्ववत केली नाही, तर मृत्यू ओढवतो.

येथे एक भेद लक्षात ठेवावयास हवा, कारण वृत्तपत्रांतून त्याची नेहमीच गल्लत होते. हृदयाघात म्हणजे हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा खंडित होणे. हृदयक्रिया बंद पडणे म्हणजे लय कोसळून रक्ताभिसरण थांबणे. पहिल्यातून दुसरे उद्भवू शकते, परंतु दोन्ही एक नव्हेत.

मानसिक ताणाचा लयीशी संबंध अनुकंपी चेतासंस्थेमार्फत येतो. भीती, संताप वा दीर्घकाळची चिंता यांमुळे ही संस्था उत्तेजित होते, अ‍ॅड्रेनलिनसारखी संप्रेरके स्रवतात, ठोक्यांची गती व रक्तदाब वाढतो आणि आधीच दुखावलेला स्नायू विद्युत्-दृष्ट्या अधिक अस्थिर बनतो. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञ बर्नार्ड लाऊन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांत ताणाखालील हृदयात असे कंपन अधिक सहजपणे सुरू होते, हे दाखवून दिले. माणसांच्या बाबतीत असा प्रयोग करता येत नाही. तथापि निसर्गानेच तो एकदा घडवला. १७ जानेवारी १९९४ रोजी पहाटे लॉस एंजेलिस परिसरात भूकंप झाला. त्या जिल्ह्यात धमनीकाठिण्याशी निगडित हृदयविकारामुळे होणारे अकस्मात मृत्यू भूकंपाच्या आदल्या आठवड्यात दिवसाला सरासरी ४.६ होते, भूकंपाच्या दिवशी ते २४ झाले.

ठोके तेच, परिणाम वेगळे

भूकंप हा क्षणिक आघात होय. रोजच्या जगण्यातील ताणाचे मोजमाप करणे त्याहून अवघड असते. न्यूयॉर्कमधील एका आरोग्यविमा योजनेच्या सभासदांचा अभ्यास १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला, तो या दृष्टीने महत्त्वाचा आहे. झटक्यातून वाचलेल्या १,७३९ पुरुषांच्या हृदयाचे ठोके एक तासभर नोंदवून पुढे तीन वर्षे त्यांचा मागोवा घेण्यात आला. ज्यांच्या नोंदीत गुंतागुंतीचे अकाली ठोके होते, त्यांपैकी आठ वर्षे वा त्याहून कमी शालेय शिक्षण झालेल्यांत अकस्मात हृदयमृत्यूचे प्रमाण ३३ टक्के आढळले. तेच ठोके असलेल्या अधिक शिकलेल्या पुरुषांत ते ९ टक्के होते. ज्यांच्या नोंदीत असे ठोके नव्हते, त्यांच्यात शिक्षणानुसार असा फरक दिसला नाही.

शिक्षणाची वर्षे हृदयाच्या पेशींवर थेट परिणाम करीत नाहीत, हे उघड आहे. मग शिक्षणाआड नेमके काय दडले होते? याच संशोधकगटाने १९८४ मध्ये २,३२० पुरुषांच्या मुलाखतींच्या आधारे याचे उत्तर दिले. हे रुग्ण बीटा-ब्लॉकर गटातील औषधाच्या एका मोठ्या चाचणीत सहभागी झालेले होते. जीवनातील ताण अधिक असलेल्या व समाजापासून तुटलेल्या रुग्णांत तीन वर्षांतील मृत्यूची जोखीम, दोन्ही बाबतींत सुस्थितीत असलेल्यांच्या तुलनेत, चौपटीहून अधिक होती. ताण व एकाकीपणा कमी शिकलेल्यांत सर्वाधिक आणि उच्चशिक्षितांत सर्वांत कमी होता. शिक्षण व मृत्युदर यांतील व्यस्त संबंधाचा उलगडा त्यातून झाला. मात्र या वेळी वाढलेली जोखीम अकाली ठोके पुष्कळ असलेल्यांत दिसली, तशीच ती थोडे असलेल्यांतही दिसली. म्हणजे सामाजिक ताण केवळ लयीच्या वाटेनेच घात करतो, असे म्हणता येत नाही. दोन्ही अभ्यास फक्त पुरुषांचे होते, ही त्यांची मोठी उणीव होय.

ठोके दाबण्याचा प्रयत्न

अकाली ठोके धोक्याचे असतील, तर ते औषधाने बंद करावेत, हा विचार तर्कशुद्ध वाटतो. १९८० च्या दशकात अनेक डॉक्टर तसेच करीत होते. त्याची पद्धतशीर परीक्षा अमेरिकेतील एका यादृच्छिक चाचणीत झाली. एन्केनाइड व फ्लेकेनाइड ही औषधे रुग्णांचे अकाली ठोके परिणामकारकपणे दाबत होती. तरीही सरासरी दहा महिन्यांत औषध घेणाऱ्या ७५५ रुग्णांपैकी ६३ मरण पावले, तर औषधी द्रव्य नसलेली गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. चाचणीचा हा भाग १९८९ मध्ये थांबवावा लागला. धोक्याची खूण पुसली म्हणजे धोका टळतो असे नाही, याचे इतके स्पष्ट उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

याउलट हृदयावरील अ‍ॅड्रेनलिनचा प्रभाव रोखणाऱ्या बीटा-ब्लॉकर गटातील प्रोप्रॅनोलॉलने १९८२ मध्ये जाहीर झालेल्या चाचणीत मृत्युदर ९.८ टक्क्यांवरून ७.२ टक्क्यांवर आणला होता. वर उल्लेखलेल्या मुलाखती याच चाचणीतील रुग्णांच्या होत्या.

मग ताण व एकाकीपणा यांवरच थेट उपचार केला तर? हा प्रयोगही झाला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत नैराश्य वा अपुरा सामाजिक आधार असलेल्या २,४८१ रुग्णांपैकी निम्म्यांना मानसोपचार देण्यात आला. त्यांचे नैराश्य व एकाकीपणा काहीसा कमी झाला, पण आयुष्य वाढले नाही. एकाकीपणाचा मृत्यूशी सांख्यिकी संबंध असणे ही एक बाब आणि समुपदेशनाने मृत्यू टळणे ही दुसरी. सहसंबंध व कार्यकारणभाव यांतील हा फरक परीक्षार्थींनी केवळ व्याख्येपुरता पाठ करण्यासारखा नाही. कर्ज, बेकारी वा एकट्याने राहणे ही परिस्थिती काही महिन्यांच्या बैठकांनी बदलत नाही, हेही त्यामागे असू शकेल.

भारतातील चित्र

भारतात प्रश्नाचे स्वरूप वेगळे आहे. येथे दारिद्र्य मनावर ताण आणते, त्याबरोबरच ते उपचाराची दारेही बंद करते. ५० शहरांतील ८९ रुग्णालयांत दाखल झालेल्या २०,४६८ रुग्णांची नोंद २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. यांत झटका आलेल्यांप्रमाणेच त्याच्या उंबरठ्यावर असलेले रुग्णही होते. रुग्णांचे सरासरी वय ५७.५ वर्षे होते. ज्यांची धमनी पूर्णपणे बंद पडल्याची चिन्हे ईसीजीवर होती, त्यांना लक्षणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचण्यास लागलेला मध्यक कालावधी ३६० मिनिटांचा होता. तीस दिवसांतील मृत्यूचे प्रमाण श्रीमंतांत ५.५ टक्के, तर गरिबांत ८.२ टक्के होते. अँजिओप्लास्टी श्रीमंतांपैकी १५.३ टक्के आणि गरिबांपैकी २ टक्के रुग्णांची झाली. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या साध्या गोळ्यांतही मोठी तफावत होती. मिळालेल्या उपचारांतील फरक हिशेबात धरला, तेव्हा श्रीमंत व गरीब यांच्या मृत्युदरांतील अंतर नाहीसे झाले. येथे गरिबाच्या मृत्यूचे स्पष्टीकरण त्याच्या हृदयात नव्हे, तर त्याला न मिळालेल्या उपचारांत सापडते.

भारतीय परिस्थितीला जुळेल असे पुनर्वसन कसे असावे, याचाही शोध घेण्यात आला. २४ रुग्णालयांतील ३,९५९ रुग्णांवर योगाधारित पुनर्वसनाची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. मृत्यू वा नव्या झटक्यांत लक्षणीय घट सिद्ध झाली नाही. रुग्णांना आपली प्रकृती मात्र अधिक चांगली वाटू लागली. महागड्या व्यायामकेंद्रांची सोय नसलेल्या ठिकाणी हे यशही कमी लेखू नये.

धोरणाच्या पातळीवर २०१० मध्ये कर्करोग, मधुमेह, हृदयविकार व पक्षाघात यांच्या नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घालण्यात आली. २०१८ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळते. झटक्याच्या वेळी होणाऱ्या खर्चाचा भार त्यामुळे हलका होतो. या योजनेत घरी परतल्यानंतरचा खर्च मात्र १५ दिवसांपुरताच समाविष्ट आहे, तर वर पाहिलेल्या अभ्यासांतील जोखीम तीन वर्षांची होती. रक्त पातळ ठेवणारी गोळी, कोलेस्टेरॉलवरील गोळी आणि डॉक्टरांनी सांगितल्यास बीटा-ब्लॉकर ही औषधे महागडी नाहीत. जनऔषधी केंद्रांत ती आणखी स्वस्तात मिळतात. गोळ्या मध्येच थांबल्या, तर ते लवकर ध्यानात येईल अशी व्यवस्था प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवर उभी राहणे अधिक निकडीचे आहे. एकट्या राहणाऱ्या व रोजंदारीवर जगणाऱ्या रुग्णांची नावे त्या यादीत सर्वांत वर असावयास हवीत.