जुनी गाडी ‘टोटल लॉस’ होणार का? सही करण्याआधी हा हिशेब मांडा

व्हिडिओत क्लेमचा विषय घेतला, पण आकडेमोड पडद्यावर भरभर निघून जाते. म्हणून आज इथे वही-पेन घेऊन बसा.

बीबीसारख्या गावात छोट्या धंद्याची पहिली गाडी बहुतेक वेळा जुनीच असते. कोणाचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान, कोणाचं ब्युटी पार्लर, कोणी सोलर पंपाची कामं घेतो. मेहकर, लोणार, सिंदखेडराजा अशी रोजची फिरती आणि त्यासाठी घेतलेली आठ-नऊ वर्षं जुनी कार. अशी गाडी ठोकली गेली की दोन गोष्टी एकदम अडकतात: रोजचं काम आणि गुंतलेलं भांडवल. अशा वेळी गॅरेजवाला म्हणतो, “साहेब, खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त आहे.” विमा कंपनी म्हणते, “रिपेअर करून घ्या, नियमाप्रमाणे देऊ.” यातलं काय धरायचं?

दोन आकडे, दोन्ही वेगळे

पॉलिसीवर ‘आयडीव्ही’ नावाचा एक आकडा असतो. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण गेली, तर कंपनी जास्तीत जास्त तेवढेच पैसे देते. गाडी पाच वर्षांच्या आतली असेल तर घसाऱ्याचा तक्ता ठरलेला आहे. चार ते पाच वर्षांच्या गाडीला 50 टक्के घसारा. पाच वर्षांनंतर मात्र तक्ता नाही. तिथे आयडीव्ही कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवता. म्हणजे रिन्यूअलच्या दिवशी हप्ता चारशे रुपयांनी कमी दिसावा म्हणून एजंटने आयडीव्ही खाली ओढला आणि तुम्ही ‘हो’ म्हणालात, तर तो तुमचाच करार झाला. अपघातानंतर त्यावर भांडता येत नाही.

आता टोटल लॉसचा नियम. गाडी ओढून आणण्याचा आणि दुरुस्तीचा खर्च, पॉलिसीच्या अटी लावून, आयडीव्हीच्या 75 टक्क्यांच्या वर गेला तर गाडी टोटल लॉस धरतात. यातले ‘पॉलिसीच्या अटी लावून’ हे शब्द अधोरेखित करा. जुन्या गाडीवाला इथेच फसतो.

कारण अटी लावल्या की पार्टच्या किमतीतून घसारा कापला जातो. रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी यांवर 50 टक्के. काचेवर काही नाही. लोखंडी पार्टवर गाडीच्या वयाप्रमाणे: पाच ते दहा वर्षांच्या गाडीला 40 टक्के, दहाच्या वर 50 टक्के. रंगकामात फक्त मटेरियलच्या भागावर 50 टक्के, आणि बिल एकत्र असेल तर मटेरियल 25 टक्के धरतात. मजुरीवर घसारा नसतो. (‘झीरो डेप’ घेतलं असेल तर ही कपात टळते, पण जुन्या गाडीला बहुतेक कंपन्या ते देतच नाहीत.)

समजा, तुमची कार नऊ वर्षांची आहे आणि आयडीव्ही 2,20,000 रुपये. त्याचे 75 टक्के म्हणजे 1,65,000. गॅरेजचं एस्टिमेट असं आलं: लोखंडी पार्ट 1,20,000, प्लास्टिक-रबर 40,000, काच 12,000, मजुरी 38,000, रंग 20,000. एकूण 2,30,000. गाडीच्या किमतीपेक्षा जास्त! तुम्हाला वाटतं, झाला टोटल लॉस.

सर्व्हेयर काय करतो बघा. लोखंडाचे 72,000, प्लास्टिकचे 20,000, काच 12,000, मजुरी 38,000, रंगाचे 17,500. बेरीज 1,59,500. हे 1,65,000 च्या खाली आहे, म्हणून कागदावर टोटल लॉस नाही. दीड हजार सीसीपर्यंतच्या कारला सक्तीची कपात 1,000 रुपये, ती वजा केली की कंपनी देणार 1,58,500. उरलेले 71,500 तुमच्या खिशातून, आणि तेही गाडी गॅरेजमधून सोडवायच्या दिवशी. धंद्याच्या हंगामात एवढी रोकड एकदम काढणं म्हणजे माल भरायचे पैसे गाडीत घालणं.

मग करायचं काय?

पहिलं काम: गाडी उघडल्याशिवाय कोणताही आकडा अंतिम मानू नका. बाहेरून बघून केलेलं एस्टिमेट अपुरं असतं. चेसिस वाकली का, सस्पेन्शन, स्टिअरिंग, वायरिंग काय अवस्थेत आहे, हे खोलल्यावर कळतं. सर्व्हेयरसमोर गाडी खोलायला सांगा आणि पुरवणी एस्टिमेट लेखी घ्या. वरच्या उदाहरणात घसारा कापून फक्त साडेपाच हजारांचा फरक उरला आहे. खोलल्यावर एक मोठा पार्ट निघाला तरी गाडी टोटल लॉसमध्ये जाते. काम सुरू करायला सही दिल्यावर हाच पार्ट निघाला, तर ओढाताण तुमची होते.

ओढून नेण्याचा खर्चही विसरू नका. बीबीहून अकोल्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला कंपनीच्या गॅरेजमध्ये गाडी न्यायची तर क्रेनचं बिल मोठं येतं आणि साध्या पॉलिसीत खासगी कारला त्यापोटी फक्त 1,500 रुपये मिळतात. म्हणून गाडी हलवण्याआधी कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करून विचारा: टोइंग तुमच्याकडून आहे का? पावती जपून ठेवा.

दुसरं काम, आणि माझ्या मते सगळ्यात कामाचं: ‘नेट ऑफ सॅल्व्हेज’ मागून बघा. यात मोडलेली गाडी तुमच्याकडे राहते आणि कंपनी आयडीव्हीतून भंगाराची किंमत वजा करून पैसे देते. समजा, भंगाराची बोली 60,000 आली. 2,20,000 मधून 60,000 आणि 1,000 गेले, उरले 1,59,000. रिपेअरमध्ये कंपनी 1,58,500 देणारच होती. कंपनीला फक्त पाचशे रुपयांचा फरक! तुम्हाला मात्र फरक मोठा आहे. कारण आता 2,30,000 चं बिल भरायची सक्ती नाही. ओळखीच्या मेकॅनिककडे जुने पार्ट टाकून गाडी उभी करा, नाहीतर तशीच विकून पैसे दुसऱ्या गाडीत घाला. खर्च 75 टक्क्यांच्या खाली असेल तर हा तुमचा हक्क नाही, विनंती आहे. पण आकडे मांडून केलेल्या विनंतीला वजन असतं. फोनवर बोलू नका, ईमेल करा.

भंगाराची किंमत कोण ठरवतं? कंपनी बहुधा ऑनलाइन बोली लावते. तुम्हीही दोन-तीन भंगारवाल्यांचे भाव लेखी घ्या. गाडी टोटल लॉस ठरली आणि कंपनीने भंगार 90,000 चं दाखवलं, तर सरळ म्हणा, “एवढा भाव असेल तर गाडी तुम्हीच घ्या, मला पूर्ण आयडीव्ही द्या.” असं म्हटल्यावर बोलणं लवकर जमिनीवर येतं. आरसीवर बँकेचं किंवा फायनान्सचं नाव असेल तर पैसे आधी तिकडे जातील. उरलेलं कर्ज आयडीव्हीपेक्षा किती कमी-जास्त आहे ते आधीच काढून ठेवा.

मोडकी गाडी विकताना

इथे फार मोठी चूक होते. दलाल येतो, रोख देतो, कोऱ्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घेतो आणि गाडी घेऊन जातो. आरसी तुमच्याच नावावर. पुढे तीच गाडी दुरुस्त होऊन विम्याशिवाय रस्त्यावर आली आणि कोणाला उडवलं तर? सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी 2018 मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात स्पष्ट केलं की नोंदीवर ज्याचं नाव, तोच मालक. भरपाईची जबाबदारी त्याचीच. त्यातली गाडी तर एकाकडून दुसऱ्याकडे अशी अनेकदा विकली गेली होती. तेव्हा नाव बदलल्याशिवाय ताबा देऊ नका. गाडी कायमची निकामी झाली असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 प्रमाणे 14 दिवसांत आरटीओला कळवून आरसी जमा करायची असते. आपल्यासाठी ते बुलढाण्याचं कार्यालय, एमएच 28.

धंद्याची गाडी, खासगी पॉलिसी

खासगी कारच्या पॉलिसीत स्वतःच्या कामासाठी फिरणं चालतं. भाडं मारणं चालत नाही आणि नमुन्यांपलीकडचा माल वाहणंही चालत नाही. मागची सीट काढून पोती भरत असाल तर क्लेम अडू शकतो. अडला तरी लगेच शून्यावर येऊ नका. अमलेंदू साहू खटल्यात (2010) खासगी गाडी भाड्याने वापरली म्हणून कंपनीने क्लेम पूर्ण नाकारला होता. सुप्रीम कोर्टाने तो ‘नॉन-स्टँडर्ड’ धरून काही रक्कम द्यायला लावली. पण कोर्टापर्यंत जाण्यापेक्षा योग्य पॉलिसी घेणं स्वस्त पडतं. सर्व्हेयरला खोटं तर अजिबात सांगू नका.

कंपनी ऐकतच नसेल तर

2024 च्या आयआरडीएआयच्या सूचनांप्रमाणे क्लेम कळवल्यापासून 24 तासांत सर्व्हेयर नेमायचा, त्याने 15 दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल आल्यावर 7 दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा. अहवालाची प्रत मागा, ती तुम्हाला मिळते. पार्टनिहाय कपात तपासा. मजुरीवर किंवा काचेवर घसारा लावलेला सापडला तर तेवढ्यावरच बोट ठेवून पत्र लिहा.

आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी जा. महिन्यात उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर विमा लोकपाल. बुलढाणा जिल्ह्यासाठी पुण्याचं कार्यालय. फी नाही, वकील लागत नाही, आणि एकल मालकीच्या व सूक्ष्म उद्योगांच्या पॉलिसीही तिथे चालतात. कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज करायचा. आयआरडीएआयचं ‘बीमा भरोसा’ पोर्टल आहेच, फोन 155255.

दुसरी वाट जिल्हा ग्राहक आयोगाची, मुदत दोन वर्षं. तिथे कंपनीचा वकील म्हणू शकतो, “गाडी धंद्याची, म्हणून हे ग्राहकच नाहीत.” त्याला उत्तर आहे: एप्रिल 2023 मधला हर्सोलिया मोटर्सचा सुप्रीम कोर्टाचा निकाल. विमा नुकसान भरून काढण्यासाठी घेतला जातो, नफा कमावण्यासाठी नाही, म्हणून धंदेवाल्यालाही ग्राहक आयोगात दाद मागता येते. निकालाची प्रत अर्जाला जोडा.

आज एवढंच करा: गाडीची पॉलिसी काढा, आयडीव्ही बघा, त्याला 0.75 ने गुणा आणि आलेला आकडा पॉलिसीच्या कव्हरवर पेनाने लिहून ठेवा.