गाडीचा पहिला रंग

(जुन्या मोटारीचा मूळ रंग कसा शोधतात, याची माहिती या पाठात एका घरगुती प्रसंगातून दिली आहे.)

परभणीला आमच्या घरामागे चिंचेच्या झाडाखाली एक फियाट गाडी उभी असे. ती १९६८ सालची होती. दादाजानांनी ती मोठ्या हौसेने घेतली होती. दरवर्षी फेब्रुवारीत तुराबुल हक यांच्या उरुसाला ते सर्वांना तिच्यातूनच नेत. दादाजान वारले आणि गाडी जागेवरच राहिली.

पुढे मोठ्या भावाचे लग्न ठरले. नवरदेव दादाजानांच्याच गाडीतून जाईल, असे अब्बा म्हणाले. गाडी पूर्वी होती तशी रंगवायची होती. पण पूर्वी ती कशी होती?

“निळी,” अब्बा म्हणाले. “आर. सी. बुकातही निळा रंगच लिहिला आहे.”

“छे, पांढरी होती,” फूफी म्हणाल्या.

“दोघेही चुकता,” दादी म्हणाल्या. “गाडी घरी आली तेव्हा पिस्त्याच्या रंगाची होती. मीच तिला हार घातला होता.”

दादींना मोतीबिंदू झाला होता. अलीकडे त्या बरेच विसरत. “त्यांचे आता वय झाले,” अब्बा हळूच मला म्हणाले. दादींनी ते ऐकले. पण त्या काही बोलल्या नाहीत.

आम्ही गाडी जिंतूर रस्त्यावरच्या एका गॅरेजात नेली. तेथील उस्ताद सारे ऐकून म्हणाले, “वाद कशाला? गाडीलाच विचारू.”

त्यांनी बारीक वॉटर पेपर पाण्यात भिजवला.

“पाणी कशाला, उस्ताद?” मी विचारले.

“जुन्या रंगात शिसे असू शकते, बेटा. कोरडे घासले तर धूळ श्वासातून छातीत जाते.”

बॉनेटवर रुपयाएवढ्या जागी ते गोल गोल घासू लागले. मध्ये जास्त, कडेला कमी. हळूहळू तेथे कापलेल्या खोडासारखी वर्तुळे दिसू लागली. बाहेर निळे, त्याच्या आत पांढरे, मग फिकट हिरवे, मग तांबडे आणि मधोमध चकाकणारा पत्रा!

“सर्वांत खाली तांबडा आहे! तोच पहिला रंग!” मी ओरडलो.

उस्ताद हसले. “शेरवानीला आतून अस्तर असते. ते शेरवानीचे कापड असते का? पत्र्याला गंज लागू नये आणि रंग घट्ट बसावा, म्हणून हे अस्तर देतात. पहिला रंग त्याच्या लगेच वरचा.”

“म्हणजे हिरवा?”

“थांब. हे बॉनेट दुसऱ्या गाडीचे असले तर? एकाच साक्षीवर निकाल देऊ नये.”

त्यांनी सीट काढून खालचा गालिचा उचलला. डिकीचे रबर सोडवले. डॅशबोर्डच्या मागे बॅटरीचा उजेड टाकला. तिन्ही ठिकाणी हिरवाच रंग होता आणि तो बॉनेटवरच्यापेक्षा गडद होता.

“पुन्हा रंगवताना कारागीर सहसा हे भाग काढत नाहीत. त्यामुळे येथे नवा रंग पोचत नाही आणि ऊनही लागत नाही. बॉनेटवरचा हिरवा आपल्या उन्हाने विटला आहे. म्हणून नमुना गालिच्याखालचाच घ्यायचा.”

“मग आर. सी. बुक खोटे कसे?” अब्बांनी विचारले.

“खोटे नाही. तुमचे बुक नंतर काढलेली दुसरी प्रत आहे. ती लिहिली त्या दिवशी गाडी निळी होती. कागद आपल्या दिवसापुरतेच बोलतो.”

उस्ताद पुढे म्हणाले, “हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात निजामांची १९१२ सालची पिवळी रोल्स रॉइस आहे. १९४८ पर्यंत आपली परभणी त्यांच्याच राज्यात होती. ती गाडी उद्या कोणी काळी केली, तर तिची ओळख राहील का?”

आमची गाडी राजाची नव्हती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या, मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात ती तयार झाली होती. अशाच गाड्यांना पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले. मुंबईत त्या काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावल्या. आमच्यासाठी मात्र ही गाडी दादाजानांची आठवण होती.

उस्तादांनी हिरव्या रंगाचा एक लहान सुटा भाग काढून दिला. घरी येताच अब्बांनी तो दादींच्या हातात ठेवला. दादी उन्हात गेल्या. तो डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी बराच वेळ पाहिला.

“अम्मी, हाच का तो रंग?”

“आता विचारतोस?” दादी म्हणाल्या.

अब्बांनी मान खाली घातली. “चुकलो, अम्मी. तेव्हाच तुमचे ऐकायला हवे होते.”

तसे पाहिले तर अब्बा आणि फूफीही खोटे बोलत नव्हते. प्रत्येकाला आपापल्या काळातला थर आठवत होता. सर्वांत खालचा थर मात्र दादींनाच ठाऊक होता.

शब्दार्थ
हौस – आवड, शौक
विटणे – रंग फिका पडणे
थर – एकावर एक असलेला पदर, तह
साक्ष – गवाही
प्रत – नक्कल

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) उस्तादांनी वॉटर पेपर पाण्यात का भिजवला?
(आ) तांबडा रंग कशाचा होता?
प्र. २. कारणे लिहा.
(अ) गालिच्याखालचा रंग गडद राहिला.
(आ) अब्बांनी मान खाली घातली.
प्र. ३. ‘कागद आपल्या दिवसापुरतेच बोलतो’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
प्र. ४. पाठातील उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत वापरले जाणारे पाच शब्द शोधून लिहा.
उपक्रम : घरातील एखाद्या जुन्या वस्तूविषयी वडीलधाऱ्यांना विचारा आणि पाच वाक्ये लिहा.